परतीची तार

वीज वाहण्यासाठी परिपथ पूर्ण असावा लागतो, म्हणजे उगमापासून निघालेल्या प्रवाहाला उपकरणातून जाऊन पुन्हा उगमाकडे परतण्याची वाट असावी लागते, हे शाळेच्या पुस्तकातले पहिले सूत्र आहे. आणि तरीही एकाच तारेवर दिवा पेटवण्याचे किंवा तार मुळीच न लावता वीज पोहोचवण्याचे प्रयोग पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत आणि त्यांतले बरेचसे यशस्वीही झाले आहेत. या दोन विधानांत विरोध दिसतो, परंतु तो वरवरचा आहे. एकतारी प्रयोगात दुसरी तार नाहीशी झालेली नसते, तर तिची जागा जमिनीने, पाण्याने, लोखंडी रुळांनी किंवा हवेतील विद्युतक्षेत्राने घेतलेली असते. म्हणूनच अशा कोणत्याही प्रयोगापुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा की परतीची तार कुठे आहे, आणि दुसरा असा की निघालेल्या विजेपैकी किती वीज खरोखर पोहोचली. छंद म्हणून हे प्रयोग करणाऱ्यांपैकी जे हे दोन प्रश्न सोडत नाहीत त्यांच्या हाती खरे ज्ञान लागते, आणि जे सोडतात ते फुकट विजेच्या स्वप्नात वर्षे घालवतात.

हा विषय पारोळ्यासारख्या गावातून पाहणे अनेक अंगांनी सोयीचे आहे. इ. स. १७२७ मध्ये बांधलेल्या भुईकोट किल्ल्याचे हे तालुक्याचे गाव धुळे आणि जळगाव यांच्यामधल्या महामार्गावर वसलेले आहे. खाली दख्खनचा काळा कातळ, त्यावर मुरूम आणि मुरमावर कापसाची काळी माती, अशी येथील जमिनीची मांडणी आहे. आणि विहिरीवरची मोटार, तिचा स्टार्टर, बांधावरची डीपी आणि वायरमन यांच्याभोवती शेतकऱ्याचा निम्मा दिवस फिरतो. एकतारी विजेचा सारा प्रश्न शेवटी जमिनीच्या स्वभावापाशी येऊन थांबतो, आणि जमिनीचा स्वभाव ज्यांना पायाखालून कळतो त्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

जमीन ही तारेचे काम करू शकते हा शोध १८३८ चा. म्युनिकचे कार्ल ऑगस्ट फॉन स्टाइनहाइल यांनी तारायंत्रासाठी न्यूरेंबर्ग–फ्युर्ट लोहमार्गाचे दोन रूळच दोन तारा म्हणून वापरून पाहिले. रुळांतून प्रवाह जमिनीत झिरपत राहिल्याने तो प्रयत्न फसला, परंतु त्या फसण्यातूनच त्यांच्या लक्षात आले की जमीन इतकी सहज वीज वाहून नेत असेल तर परतीची तार लावण्याची गरजच नाही, दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले की पुरे. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी सुमारे २१ मैल लांबीची तार उभारून प्रयोग केले आणि त्यांत हुगळी नदीचे पाणी वाहक म्हणून वापरून पाहिले. त्याच ओशॉनेसींच्या देखरेखीखाली १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे तारायंत्राने जोडली गेली. खांबावरून संदेश नेणारी लोखंडी तार एकच असे आणि परतीचा प्रवाह पायाखालच्या भूमीतून जात असे. भारतातील विजेच्या दूरवहनाचा पहिला मोठा प्रयोग अशा रीतीने एकतारीच होता, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

तारायंत्राला लागणारा प्रवाह मात्र अगदी थोडा असतो. संदेश पोहोचवणे आणि शक्ती पोहोचवणे यांतला फरक येथून पुढे सतत लक्षात ठेवावा लागतो, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज तो फरक पुसला गेल्यामुळे जन्मतात. संदेशाला प्रवाहाची केवळ चाहूल पुरते. मोटारीला मात्र शेकडो वॅट लागतात आणि वाटेत काही वाया गेले तर त्याची उष्णता कुठे ना कुठे निघतेच.

जमिनीतून शक्ती परत आणण्याची रीत न्यूझीलंडचे अभियंते लॉइड मँडेनो यांनी १९२५ च्या सुमारास घडवली. विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात तीन किंवा दोन तारा ओढण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून त्यांनी उच्च दाबाची एकच तार ओढली आणि प्रत्येक रोहित्राचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, दुसरे टोक खोल पुरलेल्या कांबींना जोडले. ही पद्धत पुढे ऑस्ट्रेलियात सुमारे दोन लाख किलोमीटरपर्यंत पसरली. तेथे वापरले जाणारे दाब १२.७ आणि १९.१ हजार व्होल्टचे आहेत, आणि दूरध्वनीच्या तारांत गुणगुण उमटू नये म्हणून जमिनीतील प्रवाह बहुधा ८ अँपिअरच्या आत ठेवला जातो. साधा गुणाकार केला तर १९,१०० व्होल्ट आणि ८ अँपिअर यांतून सुमारे १५० किलोवॅट मिळतात, म्हणजे एका तारेवर चाळीसेक पंप चालतील एवढी शक्ती. जमिनीचा रोध ५ ओहम धरला तरी ८ अँपिअरला तेथे फक्त ४० व्होल्ट खर्च होतात, आणि १९,१०० व्होल्टांपुढे ४० व्होल्ट ही नगण्य गोष्ट आहे. दाब फार उंच आणि प्रवाह फार लहान ठेवणे, हेच या पद्धतीचे सारे मर्म आहे.

या स्वस्ताईची किंमतही नोंदवली पाहिजे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. त्यांतल्या किलमोर ईस्ट येथील आगीत ११९ जण गेले, आणि ती आग अशाच एका एकतारी वाहिनीची जुनी तार तुटल्यामुळे लागली होती. त्यानंतरच्या चौकशी आयोगाने अशा वाहिन्या टप्प्याटप्प्याने बदलण्याची शिफारस केली.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही पद्धत रुजली नाही, याचे मुख्य कारण पंप. तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीच्या पाणबुडी मोटारींना तीन फेज लागतात, म्हणजे एकमेकांपासून तृतीयांश चक्राने मागेपुढे असणारे तीन प्रवाह, ज्यांच्यामुळे मोटारीच्या पोटात फिरते चुंबकक्षेत्र तयार होते. म्हणून ११ हजार व्होल्टच्या तीन तारा वावरापर्यंत आल्या. परंतु भारनियमनाच्या काळात शेतीच्या वाहिनीवर गावाला दिवे मिळावेत आणि पंप मात्र बंद राहावेत यासाठी फेज कमी करून वीज देण्याची रीत आली, आणि शेतकऱ्यांनी तिच्यावर आपला उपाय शोधला: मोटारीच्या रिकाम्या टोकाला कंडेन्सर जोडून तिसरा फेज स्वतःच निर्माण करायचा. कंडेन्सर, ज्याला शास्त्रीय मराठीत धारित्र म्हणतात, तो विद्युतभार साठवतो आणि सोडतो, आणि त्या साठवण्या-सोडण्यात प्रवाहाची वेळ दाबाच्या पुढे सरकते. एवढे सरकणे मोटार फिरवायला पुरे होते, जरी तिची ताकद घटते आणि गुंडाळी तापून जळण्याचा धोका वाढतो. शेजारच्या गुजरातेत याच युक्तीला 'तोटा' हे नाव पडले आणि २००३ नंतर ज्योतिग्राम योजनेत गावाची आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्यामागे हे तोटेही एक कारण होते. महाराष्ट्रातही गावठाणाचे फीडर वेगळे करण्यात आले. कंडेन्सर जोडण्याच्या या उद्योगाला केवळ चोरवाट म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. पदवी नसलेल्या हजारो माणसांनी फेज म्हणजे काय हे मोटार जाळून आणि पुन्हा भरून शिकून घेतले, आणि तालुक्याच्या गावातील रिवाइंडिंगची दुकाने ही त्या शिक्षणाची खरी विद्यालये ठरली.

याच शिक्षणाचा दुसरा, अधिक धोक्याचा धडा म्हणजे एक फेज घेऊन दुसरे टोक जमिनीत खोचलेल्या कांबीला जोडणे. रात्री राखणीच्या खोपीत असा दिवा पेटतो, आणि दिवा पेटतो म्हणून पंपही चालेल असे वाटू लागते. येथे आकडे बोलतात. अडीच मीटर लांबीची कांब ओल्या काळ्या मातीत ठोकली तर तिचा जमिनीशी रोध सुमारे चार-पाच ओहम येऊ शकतो. रोधकता दहापट असलेल्या मुरमाड जमिनीत तोच चाळीसच्या आसपास जातो आणि कातळात शेकड्यांत. हिशेबासाठी १० ओहम धरावेत. साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, त्यामुळे जमिनीत अडीच-तीन व्होल्ट खर्च होतात आणि दिव्याला काहीच जाणवत नाही. तीन अश्वशक्तीच्या एकफेजी मोटारीला सुमारे १५ अँपिअर लागतात. तेवढा प्रवाह त्याच कांबीतून जायचा म्हटला तर एकट्या मातीतच १५० व्होल्ट खपतील. मोटार घुरघुरते, फिरत नाही, आणि कांबीभोवतीची ओली जमीन स्वतःच विजेची होऊन बसते.

त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्याच्या दोन पायांत जो दाबाचा फरक पडतो त्याला पाऊल-दाब म्हणतात. कांबीच्या जवळ हा फरक मोठा असतो आणि दूर जाता तो झपाट्याने घटतो. माणसाचे पाऊल पाऊण मीटरचे. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर असते, आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरताना त्याच्या छातीतून जातो. पावसाळ्यात खांबाजवळ जनावर दगावते आणि त्याला हाकणारा माणूस वाचतो, या नेहमीच्या बातमीमागे बरेचदा हेच भूमितीचे कारण असते. मँडेनोची जमीन आणि खोपीतल्या कांबीची जमीन एकाच तत्त्वावर चालतात, फरक दाबाचा आहे: एकीकडे १९ हजार व्होल्टांतले ४० जातात, दुसरीकडे २३० मधले १५०. घरातील आरसीसीबी हे उपकरण नेमके याच गोष्टीवर नजर ठेवते. ते फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत वजाबाकी करते आणि फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात जाताच वीज तोडते. परतीची तार जागेवर आहे की नाही हे क्षणोक्षणी तपासणारा असा पहारेकरी प्रत्येक विहिरीवर असायला हवा.

जमिनीऐवजी रूळ घेतले की हीच गोष्ट अगदी सुरक्षित आणि प्रचंड प्रमाणावर होते. मँडेनो आपली वाहिनी उभारत होते त्याच सुमारास, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याकडे पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्टच्या एका तारेवर धावली. आज पारोळ्याहून अमळनेरच्या स्थानकावर गेले तर सुरत–भुसावळ मार्गावर डोक्यावरची तार २५ हजार व्होल्टची दिसते, आणि तीही एकच असते. साडेचार मेगावॅटचे इंजिन त्या तारेतून सुमारे १८० अँपिअर घेते आणि तो सगळा प्रवाह चाकांतून रुळात उतरून, काही जमिनीत झिरपत, उपकेंद्राकडे परततो. समुद्राचे पाणीही हे काम करते: १९५४ मध्ये स्वीडनच्या मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत ९८ किलोमीटरची एकच केबल टाकून एकदिश उच्चदाबाने २० मेगावॅट नेण्यात आले आणि परतीचा प्रवाह समुद्रातून आला. 

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत परतीची वाट दिसत नसली तरी ती भौतिक वस्तूंची होती. खरी गूढ वाटणारी उदाहरणे त्यापुढे सुरू होतात, आणि त्यांतले सर्वांत साधे उदाहरण प्रत्येक वायरमनच्या खिशात असते. टेस्टरचे टोक फेजला लावले आणि मागच्या टोपीवर बोट ठेवले की आतला निऑन दिवा लालसर उजळतो. माणूस रबरी चपलेत, लाकडी स्टुलावर उभा असला तरी तो उजळतो. तर मग परतीची तार कुठे आहे? ती माणूस आणि जमीन यांच्यामधल्या हवेत आहे. माणसाचे शरीर आणि जमीन हे दोन वाहक, आणि मध्ये न वाहणारा थर, म्हणजे एक धारित्रच झाले; त्याची धारिता साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे पंख्यातील अडीच मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढी. दाब दर सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत असल्यामुळे हे धारित्र भरत आणि रिकामे होत राहते, आणि हवेतून एकही कण पलीकडे न जाता तारेत मात्र प्रवाह वाहतो. बदलत्या विद्युतक्षेत्राच्या या परिणामाला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात विस्थापन प्रवाह असे नाव दिले.

हा प्रवाह किती? पन्नास हर्ट्झला १०० पिकोफॅरडचा अडथळा सुमारे तीन कोटी वीस लाख ओहम भरतो, त्यामुळे २३० व्होल्टवर जेमतेम सात मायक्रोअँपिअर वाहतात. निऑनला ते मिणमिणायला पुरतात, दुसऱ्या कशालाही पुरत नाहीत. परंतु वारंवारता वाढवली की अडथळा त्याच प्रमाणात घटतो. दर सेकंदाला दहा लाख आवर्तने केली, म्हणजे एक मेगाहर्ट्झ, तर तोच अडथळा १,६०० ओहमवर येतो. एका तारेवर दिवा पेटवणाऱ्या यच्चयावत छंदी प्रयोगांचे रहस्य या एका भागाकारात आहे. कोणताही सुटा धातूचा गोळा हादेखील एक धारित्र असतो, त्याचे दुसरे ताट म्हणजे दूरचे सारे जग. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्याची धारिता सुमारे १.१ पिकोफॅरड, आणि याच नियमाने अख्ख्या पृथ्वीची धारिता अवघी ७१० मायक्रोफॅरड येते. पृथ्वी म्हणजे विजेचा अथांग सागर, ही कल्पना मनात धरून बसलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल की तेवढी धारिता पंख्याच्या पावणेतीनशे-एक कंडेन्सरांतही मावते.

उच्च वारंवारतेचा हा मार्ग निकोला टेस्ला यांनी खुला केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात मे १८९१ मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी तारेने न जोडलेल्या नळ्या विद्युतक्षेत्रात उजळवून दाखवल्या. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रचंड गुंडाळी उभारून प्रयोग केले, आणि १९०१ पासून लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे सुमारे ५७ मीटर उंचीचा मनोरा बांधायला घेतला, ज्यातून पृथ्वीलाच कंप देऊन जगात कुठेही शक्ती काढून घेता येईल अशी त्यांची धारणा होती. पैसा आटला, काम थांबले आणि १९१७ मध्ये मनोरा पाडण्यात आला. त्यांच्यावर अन्याय झाला असे मानणारा मोठा वर्ग आहे आणि त्यांच्या इतर कामाचे मोल पाहता ती भावना समजण्यासारखी आहे. परंतु मनोरा पूर्ण झाला असता तरी घरोघर वीज पोहोचली नसती, कारण जमीन जशी वाहते तशी ती झिजवतेही, आणि सर्व दिशांना पसरलेली शक्ती एका ठिकाणी पुन्हा गोळा करता येत नाही.

आज तंत्रनिकेतनांतून आणि विज्ञान प्रदर्शनांतून मुले जी छोटी टेस्ला गुंडाळी बनवतात, तिला छंदी लोकांत स्लेअर एक्सायटर म्हणतात. तिच्यासाठी लागणारे सामान तालुक्याच्या बाजारात मिळते. जळगावात ज्याचा मोठा उद्योग आहे त्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्यायचा, त्यावर रिवाइंडिंगच्या दुकानातील बारीक इनॅमलची तार तीन-चारशे वेढे एकमेकांना चिकटून, एकही वेढा दुसऱ्यावर न चढू देता गुंडाळायची, तिच्या तळाभोवती जाड तारेचे चार वेढे द्यायचे, आणि एक ट्रान्झिस्टर, एक रोधक, एक एलईडी आणि बारा व्होल्टचा पुरवठा जोडायचा. गुंडाळीचा प्रवर्तकत्व हा गुण आणि तिच्या वरच्या टोकाची हवेशी असलेली धारिता मिळून तिची एक नैसर्गिक वारंवारता ठरते, जशी झोक्याची दोरीच्या लांबीने ठरते. ट्रान्झिस्टर त्याच तालावर ढकलत राहतो, आणि योग्य वेळी दिलेल्या लहान धक्क्यांनी झोका जसा उंच जातो तसा वरच्या टोकाचा दाब शेकडो, कधी हजारो व्होल्टपर्यंत चढतो. याला अनुस्पंदन म्हणतात. जवळ धरलेला सीएफएल दिवा तारेशिवाय उजळतो. वरच्या टोकाला एकच तार जोडून तिच्या शेवटी दोन डायोड एकाआड एक दिशेने लावले, तर एक भार आत घेतो, दुसरा बाहेर सोडतो, आणि त्यांच्यामधला एलईडी पेटतो. या जोडणीला रशियन संशोधक अव्रामेंको यांचे नाव आहे.

हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरचे नवल खरे असते आणि ते जपले पाहिजे, परंतु प्रयोग तेथे संपू देता कामा नये. पुरवठ्यातून अर्धा अँपिअर जात असेल तर सहा वॅट आत गेले. एलईडीला तीन व्होल्टवर वीस मिलिअँपिअर मिळत असतील तर ६० मिलिवॅट, म्हणजे शेकडा एक, बाहेर आले. उरलेले नव्व्याण्णव ट्रान्झिस्टरच्या तापण्यात, तारेच्या रोधात आणि आसपासच्या रेडिओंत खरखर उठवण्यात गेले. काही उत्साही मंडळी या आकड्यांच्या उलट, आत गेल्यापेक्षा अधिक वीज बाहेर पडल्याचा दावा करतात, आणि त्यामागे बहुधा लबाडी नसून मल्टिमीटर असतो. साध्या मल्टिमीटरचा एसी विभाग पन्नास हर्ट्झच्या आसपासच्या विजेसाठी बनवलेला असतो, लाखो हर्ट्झला तो काय दाखवील याची शाश्वती नसते. अशा वेळी दिव्याला मिळालेली शक्ती एकदिश करून मोजावी, किंवा त्याहून सरळ म्हणजे रोधक पाण्यात बुडवून पाणी किती तापले हे तापमापकाने पाहावे. तापमापक फसत नाही. प्रदर्शनात परीक्षकांनी 'किती पेटले' याआधी 'किती मोजले' हे विचारले, तर या एका प्रकल्पातून मुले जितके शिकतील तितके दहा व्याख्यानांतून शिकणार नाहीत. एक सूचना मात्र गांभीर्याने द्यायला हवी: मायक्रोवेव्ह भट्टीतले रोहित्र काढून असे प्रयोग करणे म्हणजे दोन हजार व्होल्टच्या, क्षमा न करणाऱ्या विजेशी खेळणे होय, आणि तो खेळ जगभर अनेकांच्या जिवावर बेतला आहे.

तारेशिवाय शक्ती नेण्याची जी तंत्रे टिकली, त्यांनी अंतर आणि प्रमाण या दोन्ही बाबतींत आपली मर्यादा ओळखली. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने २००७ मध्ये अनुस्पंदी गुंडाळ्यांनी दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा पेटवला आणि सुमारे ४० टक्के शक्ती पोहोचवली. विल्यम ब्राउन यांच्या गटाने १९७५ मध्ये गोल्डस्टोन येथे सूक्ष्मलहरींचा झोत बांधून दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक वीज उतरवली, परंतु त्यासाठी २६ मीटर व्यासाची तबकडी लागली. धुळे–जळगाव महामार्गावरच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेला चिकटवलेला फास्टॅग मात्र बॅटरीशिवाय चालतो. नाक्यावरचे यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते, त्यांतून मिळालेल्या अल्पशा शक्तीवर टॅगमधील चकती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. बिनतारी शक्तीचा एवढा सर्वदूर आणि एवढा अबोल वापर दुसरा क्वचितच असेल.

अंतर वाढले की काय होते, याचा हिशेब पारोळ्यातूनच मांडता येतो. जळगाव आकाशवाणीचा ९६३ किलोहर्ट्झवरील मध्यमलहरी प्रक्षेपक २० किलोवॅटचा. पारोळा तेथून सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटर. ही सगळी शक्ती जमिनीवरच्या अर्धगोलात सारखी पसरली आणि वाटेत काहीच मुरले नाही असे मानले, तरी पारोळ्यात एका चौरस मीटरला सव्वा मायक्रोवॅट येते. लांब तार, एक गुंडाळी, एक डायोड आणि संवेदनशील इअरफोन एवढ्यावर चालणाऱ्या स्फटिक रेडिओला, ज्याला ना बॅटरी लागते ना वीज, इतक्या शक्तीवरही कुजबुजते करता येते, कारण कान हे आश्चर्यकारक सूक्ष्म यंत्र आहे. परंतु मोबाइलचा पाच वॅटचा चार्जर चालवायचा तर चाळीस लाख चौरस मीटरवर पडणारी शक्ती, म्हणजे जवळपास एक हजार एकरांवरची, गोळा करावी लागेल. टेस्लांच्या मनोऱ्याविषयीचा वाद या एका आकड्यापुढे बराचसा मिटतो.

छंदी प्रयोगकर्त्यांनी हाती घ्यावे असे जे काम आहे ते या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला, पायाखालच्या जमिनीत आहे. डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. काळी माती वैशाखात भेगाळली की कांब आणि माती यांत हवा शिरते, रोध वाढतो, न्यूट्रल सरकतो आणि कुणाच्या घरी दिवे मंदावतात तर कुणाच्या घरी फुटतात. हा बदल मोजण्याची रीत अमेरिकेच्या मानक संस्थेतील फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये सांगितली, आणि ती शाळेच्या आवाक्यातली आहे. लोखंडाच्या चार सळया एका रेषेत समान अंतरावर, हातभर अंतराला बोटभर खोल अशा बेताने ठोकायच्या, बाहेरच्या दोघींना बारा व्होल्टची बॅटरी जोडून प्रवाह मोजायचा, आतल्या दोघींमधला दाब मोजायचा, बॅटरीची टोके उलटवून दोन्ही मोजमापे पुन्हा घ्यायची आणि सरासरी काढायची. दाबाला प्रवाहाने भागून, सळयांमधल्या अंतराने आणि ६.२८ ने गुणले की त्या जमिनीची रोधकता मिळते. सळयांमधले अंतर वाढवत नेले की मोजमाप अधिक खोलवर जाते, आणि काळी माती कुठे संपून मुरूम कुठे लागतो हे न खणता दिसू लागते. जागा कोणतीही चालेल, फक्त विजेच्या खांबापासून आणि डीपीपासून लांब असावी: बोरी नदीकाठचे मळे, माळरान, शाळेचे मैदान. मोजमाप मात्र एकाच ठिकाणी, दर महिन्याला, वहीत तारीख आणि शेवटच्या पावसाचा दिवस लिहून घ्यायचे, अक्षय तृतीयेपासून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत.